पिवळ्या चौकटीतली तीन वाक्यं

हायड्रून टोल्केनं तीस-पस्तीस पुस्तकं लिहिली आणि त्यांतल्या एकाचंही परीक्षण कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही. त्याचं तिला वाईटही वाटत नसे. तिची पुस्तकं दुकानात मागच्या भिंतीला, नकाशे आणि पाककृती यांच्या मधे उभी असायची. स्टेशनवर असायची, औषधांच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्यांशेजारी असायची. कपड्यांवरचे डाग कसे काढावेत, एकट्या माणसानं काय शिजवावं, घर बदलताना आधी काय बांधावं, पाठ धरली तर काय करावं, सासू आठ दिवस राहायला आली तर काय करू नये. जिथं माणसाला ठेच लागते तिथं ही बाई आधीच जाऊन पाटी लावून आलेली असे. आमच्या भागात शेजाऱ्याला काही विचारायची लोकांना लाज वाटते, छापील पुस्तकाला विचारायची वाटत नाही. त्या लाजेवर तिचं पोट चाललं.

ती मुळात लेखिका नव्हतीच. बीलेफेल्डच्या एका छोट्या प्रकाशन कंपनीत ती टंकलेखनाच्या कामाला होती. डागांच्या पुस्तकाचा लेखक निम्म्यातच सोडून गेला, तेव्हा मालकानं तिला आत बोलावलं.

"टोल्केबाई, तुमच्या घरी कपडे कोण धुतं?"

"मीच."

"मग पुढचं तुम्हीच लिहा."

एवढ्या भांडवलावर ती लेखिका झाली. तेव्हा ती लेमगोला राहायची. नवरा फोल्कमार फर्निचरच्या कारखान्यात जोडारी, आणि मुलगा थीलो सहा वर्षांचा. डागांच्या पुस्तकाचे सगळे प्रयोग स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाले. डाग पाडायचं काम थीलोचं. बीट, जांभळी बेरी, शाई, सायकलच्या साखळीचं तेल; बापाचे जुने शर्ट पसरून तो इतकं मन लावून डाग पाडायचा की हायड्रूनला ते काढताना जिवावर यायचं. "एवढे चांगले डाग माझ्या पगारात नाही निघायचे," ती म्हणायची, आणि पोरगं हसून हसून टेबलाखाली जायचं.

फोल्कमार लिप्पेचा, म्हणजे लेमगोच्याच मुलखातला माणूस. लिप्पेची माणसं पैसा सोडत नाहीत असं बाकीचे म्हणतात; शब्द सोडणं तर त्यांना त्याहून जड जातं. पण डागांचं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यानं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि पुढे शर्टावर ग्रीस लागलं की पुस्तक उघडून त्यात लिहिलंय तसंच करायचा. खरं तर लिहिणारी बाजूच्या खोलीतच असे.

"अरे, मला विचार की," ती म्हणायची.

"तू काहीतरी घाईत सांगशील. लिहिताना माणूस विचार करतो."

त्याचा हा स्वभावच होता. कपाट जोडायचं असो की कॉफीचं यंत्र लावायचं असो, सूचनापत्रक आधी शेवटपर्यंत वाचायचं, मगच स्क्रू हातात घ्यायचा. ज्यांनी लिहिलंय त्यांना माहीत असणारच, असा त्याचा विश्वास होता, आणि इतका सरळ विश्वास बघून कधी कधी तिला त्याची दया येई आणि कधी कधी त्याच्यावर फार प्रेम येई.

थीलो नऊ वर्षांचा असताना फेब्रुवारीत त्याला ताप आला. मेंदूज्वर होता. आठवडा संपायच्या आत तो गेला.

लेमगोच्या दफनभूमीत, बर्चच्या झाडाखाली, एक लहान थडगं. दगडावर नाव आणि खाली कोरलेला ट्रॅक्टर. पाद्रीसाहेबांना ट्रॅक्टर पटला नव्हता, दगड घडवणाऱ्यालाही नव्हता. पण फोल्कमार म्हणाला, "त्याला ट्रॅक्टर आवडायचा," आणि तिथून हललाच नाही, म्हणून तो कोरला गेला. आमच्याकडे थडग्याची जागा कुणाला कायमची मिळत नाही. थीलोसाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपली की ती वाढवून घ्यायची, नाही घेतली तर दगड उचलतात, माती सपाट करतात आणि गवत पेरतात. मुदतीच्या कागदावर फोल्कमारची सही होती. हायड्रून त्या दिवशी सही करण्याच्या अवस्थेत नव्हती.

पुढे दोघं भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो. फोल्कमार दर शनिवारी थडग्यावर जायचा, झाडलोट करायचा, ऋतूप्रमाणे फुलं लावायचा आणि घरी येऊन हात धुवायचा. हायड्रून सुरुवातीला बरोबर गेली. पण तिथं उभं राहिलं की तिला वरची फुलं दिसायचीच नाहीत, खालचंच दिसायचं. मग ती जायची बंद झाली. तो जातो याचा तिला राग यायचा, ती येत नाही याचा त्याला राग येत असावा, आणि दोघांपैकी कुणीही हे तोंडानं बोललं नाही. दोन हिवाळ्यांनंतर ती बीलेफेल्डला दोन खोल्यांच्या घरात राहायला गेली. घटस्फोट झाला तोही न्यायाधीशानं विचारलेल्या प्रश्नांना 'हो' म्हणूनच. आडनाव मात्र तिनं तेच ठेवलं. थीलोच्या दगडावर तेच होतं.

मग ती लिहीत सुटली. वर्षाला एक, कधी दोन. दुःखी माणूस दारू पितो, ही बाई लोकांना सल्ले द्यायची. तिचा हात बसला होता, आणि कंपनीचा साचाही ठरलेला होता. प्रत्येक प्रकरणात एक माणूस: नाव, आडनावाचं पहिलं अक्षर, वय. त्याची अडचण, त्याची फजिती, मग त्याला सापडलेला मार्ग. पहिल्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असे की नावं बदलली आहेत. खरं म्हणजे बदलायला मुळात माणूसच नसे. आणि प्रकरणाच्या शेवटी एक पिवळी चौकट, तिच्यात तीन वाक्यं. हे करा, हे करू नका, हे लक्षात ठेवा. लोक दुकानात उभ्या उभ्या नुसत्या पिवळ्या चौकटी वाचून पुस्तक परत ठेवतात हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

चौकटींवर नजर ठेवायला आनेग्रेट झीकमान होती. कंपनीची संपादक, हायड्रूनच्याच वयाची, सतत पेपरमिंट चघळणारी. "हायड्रून, या एका पानावर 'कदाचित' पाच वेळा आलंय," ती फोनवर म्हणायची. "कदाचित तर लोकांच्या घरी फुकट असतं गं. ते विकत कशाला घेतील?"

फोल्कमार ही सगळी पुस्तकं वाचायचा. नाताळला दोघं एकमेकांना कार्ड पाठवायची, त्यावर छापील शुभेच्छा आणि खाली नाव, एवढंच. पण त्याची बहीण इर्मट्राउट वर्षातून एकदा बीलेफेल्डला खरेदीला आली की हायड्रूनकडे कॉफीला यायची आणि सगळं सांगायची. "तुझं पाठदुखीचं पुस्तक वाचल्यापासून तो रोज सकाळी फरशीवर मांजरासारखा अंग ताणतो. मी म्हटलं, काय चाललंय? तर म्हणतो, पान चाळीस." हायड्रून हसली, आणि इर्मट्राउट गेल्यावर तिनं ते पुस्तक काढून पान चाळीस उघडलं. आपण दोघं एकमेकांशी एवढंच बोलतो, हे तिला तेव्हा कळलं होतं. पण कळून करायचं काय, हे तिच्याही कुठल्या पुस्तकात नव्हतं.

शोकाच्या पुस्तकाची कल्पना आनेग्रेटची. "लोक मरतायत गं रोज, आणि आपल्याकडे त्यावर एक पुस्तक नाही." हायड्रूननं नाही म्हटलं. मग पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेला तिला वाटलं, दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते आणखी वाईट लिहील, म्हणून तिनं घेतलं. आनेग्रेटला थीलोबद्दल काही माहीत नव्हतं. कंपनीत कुणालाच नव्हतं. ज्या जुन्या मालकाला माहीत होतं तो केव्हाच गेला होता.

कपड्यांची कपाटं कशी रिकामी करावीत, पहिला नाताळ कसा काढावा, लोक 'आता सावरायला हवं' म्हणाले तर काय उत्तर द्यावं, ही प्रकरणं बरी झाली. थडग्याचं प्रकरण काही होईना. मुदत संपल्यावर काय करावं, यावर तिनं कितीतरी पानं लिहिली आणि त्यांत काहीच ठरवलं नाही. काहींना जागा लागते, काहींना जागाच जड होते, आपण कोणत्यातले हे आपल्यालाही लवकर कळत नाही, असं काहीबाही. मला विचाराल तर ती तिनं आयुष्यात लिहिलेली सगळ्यात चांगली पानं होती. आनेग्रेटनं ती परत पाठवली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण शेवटी माणसानं करायचं काय? वाढवायची मुदत की नाही? छापखाना थांबलाय, हायड्रून. आणि ते उदाहरण कुठाय?"

तेव्हा हायड्रूननं एका बैठकीत रेनाटे क. तयार केली. वय अठ्ठावन्न. तिचा मुलगा लहानपणी गेलेला. बर्चच्या झाडाखाली छोटं थडगं, दगडावर कोरलेलं जहाज. ट्रॅक्टरचं जहाज केलं की नाव बदलल्यासारखंच. रेनाटेचा घटस्फोटित नवरा वर्षानुवर्षं ते थडगं सांभाळतो. रेनाटेला आतून वाटत असतं की त्यानं आता ते सोडावं, पण त्याला सांगायला तिला शब्द सापडत नाहीत. शेवटी एका वर्षी तो मुदत वाढवत नाही, आणि काही आठवड्यांत रेनाटेच्या छातीवरचं ओझं उतरतं. खाली पिवळी चौकट. 'मुदत वाढवू नका. दगड घरी आणू नका. जागा मोकळी झाली की तिथं जात राहू नका.'

हे तिनं का लिहिलं? छापखाना थांबला होता हे एक. आणि दुसरं असं, की लिहिताना घटकाभर तिला ते खरंच वाटलं होतं. कागदावरच्या रेनाटेला इतकं हलकं झालेलं बघून तिला तिचा हेवा वाटला होता.

ते पुस्तक सगळ्यात जास्त खपलं. गावोगावच्या वाचनालयांतून तिला बोलावणी यायला लागली. ती जायची, पाण्याचा पेला, छोटा दिवा, पुढे खुर्च्यांवर बहुतेक बायका. कुणीतरी विचारायचंच, तुम्हाला मुलं आहेत का? "नाही," ती म्हणायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. पण कोरडा पाषाण निदान कोरडा तरी असतो. ही तशी नव्हती. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

अशाच एका कार्यक्रमात, ग्यूटर्सलोमध्ये, सगळे गेल्यावर एक बाई मागे राहिली. धिप्पाड, लाल हातांची, बागकाम करणारी असावी.

"टोल्केबाई, तुमचं ऐकून मी आमच्या ह्यांचं थडगं सोडलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "गवत छान उगवलंय. पण मी जाते ना अजून. सवयच आहे. तर आता उभं कुठं राहायचं तेच कळत नाही. मागे उभी राहिले तर वाटतं त्यांच्या डोक्यावर उभी आहे. तेवढं कुठं लिहिलेलं नाही तुम्ही."

हायड्रून टेबलावरचं पुस्तक उघडून पानं चाळायला लागली. ती बाईच मग म्हणाली, "असू दे. तुम्हाला तरी काय सगळं माहीत असणार," आणि टोपी घालून निघून गेली.

त्या रात्री हायड्रूनला पहिल्यांदा भीती वाटली. थीलोची मुदत त्याच वर्षीच्या वसंतात संपली होती. आजवर तिनं तो विचार मनाला शिवू दिला नव्हता. फोल्कमार म्हणजे बॉयलरची तपासणी महिनाभर आधी करून घेणारा माणूस, त्यानं मुदत वाढवली असणारच, यात तिला शंका नव्हती. पण फोल्कमार सगळी पुस्तकं वाचतो. हेही वाचलं असेल. वाचलं असलं म्हणून काय झालं, तिनं स्वतःला समजावलं, कपाट जोडणं वेगळं आणि हे वेगळं. एवढं त्याला कळतं.

तरी तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. फोन उचलून ती नंबर फिरवायची आणि घंटी वाजायच्या आत ठेवून द्यायची. काय विचारणार होती? इतक्या वर्षांत एकदा तिकडे फिरकली नाही, आणि आता एकदम हिशेब मागायला उभी? मग तिनं ठरवलं की फोनवर नको. नोव्हेंबरात मृतांचा रविवार येतो, त्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत असतं, फोल्कमारही असणार. मागच्या हिवाळ्यात इर्मट्राउट येऊन गेली तेव्हा म्हणाली होती की त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही. तिथंच त्याला गाठायचं आणि सांगायचं: तुझं पुष्कळ झालं. आता ती जागा माझ्या नावावर करून दे. आता मी येत जाईन. हे वाक्य तिनं इतक्या वेळा मनात म्हटलं की ते तिला खरंच जमेल असं वाटायला लागलं.

रविवारी ती हिवाळ्यात टिकणाऱ्या जांभळ्या एरिकाची कुंडी आणि फरच्या फांद्यांची मोळी घेऊन लेमगोला उतरली. लोक थडगी हिवाळ्यासाठी फांद्यांनी झाकत होते. पाण्याच्या झाऱ्या नळाशेजारच्या दांडीला ज्याच्या त्याच्या कुलपानं अडकवलेल्या. वाट तिला विसरल्यासारखी वाटत होती, पण पाय बरोबर वळले. बर्च होता. बाक होता. बर्चच्या खाली गवत होतं, आजूबाजूच्यापेक्षा जरा कोवळं.

ती आधी पुढच्या रांगेत गेली, मग मागच्या रांगेत. इतक्या वर्षांत झाड चुकलं असेल. पण बर्च एकच होता.

शेजारच्या थडग्यावर एक म्हातारी फांद्या लावत होती. ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली.

"त्या मुलाचं शोधताय का? ट्रॅक्टरवाल्याचं? ते काढलं की उन्हाळ्यात."

"काढलं?"

"हो. बाप आला होता. काम संपेपर्यंत टोपी हातात धरून उभा होता. मी म्हटलं, बसा हो, खुबा दुखेल तुमचा. नाही बसला. कामगारांनी दगड त्यांच्या गाडीत घातला, तेव्हा यानं गाडीला नुसता हात लावला." म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण त्याच्या?"

हायड्रून त्या कोवळ्या गवताकडे वळली. म्हातारीला बहुतेक कळलं. "खाली आहेच हो तो," ती मऊ आवाजात म्हणाली. "वरचं तेवढं गेलंय." मग तिनं हायड्रूनच्या हातातली मोळी घेतली आणि बाकावर ठेवली, कारण ती हातातून निसटत चालली होती.

दफनभूमीपासून फोल्कमारच्या घरापर्यंतची वाट हायड्रून रागात चालली. इतका राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. जाऊन काय काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कठोर होतं. मला विचारायचं होतंस. तो माझाही होता. तिनं घंटी वाजवली.

फोल्कमारनं दार उघडलं. केस पांढरे झाले होते, कमरेला एप्रन होता. तो बाजूला झाला, जशी काही ती पाव आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊन आली होती.

"ये. पिकर्ट करतोय." स्वयंपाकघरात तव्यावर बटाट्याचा जाड पिकर्ट फुलत होता, मनुका वर आलेल्या. "एकट्यापुरतं पीठ काही भिजवता येत नाही. तुझ्या पुस्तकात आहे प्रमाण. तेवढं एक नाही जमलं मला."

"मी दफनभूमीतून येतेय," ती म्हणाली.

त्याचा हात तव्यावर थांबला. "तू गेलीस?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. "मला वाटलं, आता जायचं नसतं. मी नाही गेलो. उन्हाळ्यापासून एकदाही नाही. शनिवारी बस येते, मी इथून बघतो. जाऊ देतो."

"का केलंस हे, फोल्कमार?"

"का म्हणजे?" त्याला प्रश्नच कळला नव्हता. मग सावकाश, शब्द शोधत, तो बोलायला लागला, आणि एका वेळी इतकं बोलताना तिनं त्याला कधीच ऐकलं नव्हतं. "स्टेशनवर घेतलं पुस्तक. तिथंच उभ्यानं वाचलं. बर्चचं झाड आलं तेव्हाच कळलं मला. जहाज घातलंयस, पण कळलं. म्हटलं, तिला वर्षानुवर्षं हे सांगायचं होतं, आणि आपण दर शनिवारी खुरपं घेऊन जात राहिलो. तिला त्रास होतोय हे आपल्याला दिसलं नाही. तुला बोलायला जड जातं, मला माहितेय. मलाही जातं. तू छापून सांगितलंस, तर निदान ऐकायला नको?"

हायड्रून खुर्चीवर बसली. ठरवलेली वाक्यं सगळी कुठं गेली तिला कळलं नाही.

"मुदत वाढवायचा कागद सही करून ठेवला होता," तो म्हणाला. "तो फाडला. दगडाचं विचारलं त्यांनी, घरी नेणार का? मी शेजाऱ्याची गाडी घेऊन गेलो होतो, मागे पोतंसुद्धा अंथरलं होतं. मग म्हटलं, नको. लिहिलंय, नको म्हणून." त्यानं पिकर्ट उलटला. पाठ तिच्याकडे होती. "हायड्रून, एक विचारू?"

"विचार."

"तुझं उतरलं ना? छातीवरचं?"

तिनं अंगातला कोट काढून मांडीवर घेतला.

"कारण माझं नाही उतरलं," फोल्कमार म्हणाला. "काही आठवड्यांत उतरतं असं लिहिलंयस. मी वाट बघितली. मग पुन्हा वाचलं, म्हटलं मधलं काही राहून गेलं असेल. तिन्ही गोष्टी केल्यात मी. माझं कुठं काय चुकलं?"

हजारो अनोळखी माणसांना तिनं तीन-तीन वाक्यांत उत्तरं दिली होती. आता एकच माणूस समोर होता, आणि त्याला 'हो, माझं उतरलं, बरं केलंस' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आपण केलेलं निदान कुणाच्या तरी उपयोगी पडलं, एवढं समाधान तरी त्याला राहिलं असतं. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. पण मग हा माणूस उरलेले सगळे शनिवार खिडकीत बसून आपलं काय चुकलं ते शोधत राहिला असता. तो शोधणाराच होता.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "ती रेनाटे कुठं नव्हतीच. मी बनवली तिला. प्रकरण संपवायला कुणीतरी लागतं म्हणून."

"बनवली?"

"सगळीच बनवलेली असतात, फोल्कमार."

तो तिच्याकडे वळला. हातात उलथणं तसंच होतं. "आणि तू?"

"मला ते थडगं हवं होतं. माझ्या नावावर करून दे, आता मी बघते, एवढं सांगायला आले होते आज."

तव्यावरचा पिकर्ट करपायला लागला. फोल्कमारनं वळून गॅस बंद केला, उलथणं ठेवलं, आणि खुबा सांभाळत तिच्या समोरच्या खुर्चीवर बसला.

"मला पण हवं होतं," तो म्हणाला. "मी फक्त तुझ्यासाठी सोडलं."